शिंपल्यातलं पेप्टाइड हाडापर्यंत पोचतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६४ वर्षांची, पाळी जाऊन १५ वर्षं झाली. गेल्या वर्षी अंगणात घसरून तिचं मनगट मोडलं. डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत कमरेच्या मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी केलेली तुलना, उणे २.९ आला. ठिसूळ हाडांसाठी डॉक्टरांनी झोलेड्रोनिक ॲसिड सुचवलंय, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं. तेवढ्यात परदेशातून आलेल्या मामेभावाने 'हाडं बांधणारी शिंपल्याची पेप्टाइड्स' असं लिहिलेली कॅप्सूलची बाटली आणून दिली (पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा). आई म्हणते, सहा महिने हे घेऊन बघू, मग इंजेक्शनचं ठरवू. कोलंबी खाल्ली की तिच्या अंगावर पित्त उठतं, म्हणून तुम्हाला धास्ती आहे. आणि शेवटी विचारलंय की गुण शिंपल्यातच असेल तर सरळ तिसऱ्या, म्हणजे बाजारातले शिंपलेच, का खाऊ नयेत?

आधी उत्तर देतो, मग कारणं. इंजेक्शन पुढे ढकलू नका. बाटली सध्या उघडू नका, उघडली असेल तर थांबवा. पण हे संशोधन थोतांड आहे असं समजू नका. काम खरं आहे आणि चांगल्या हातांनी झालेलं आहे. ते जिथे थांबलंय तिथून तुमच्या आईच्या मणक्यापर्यंतचा रस्ता मात्र अजून बांधलेला नाही. मी २६ वर्षं हाडांचा डॉक्टर म्हणून काम करतोय, त्यातली बरीचशी कोकणात, त्यामुळे शिंपले आणि मोडलेले खुबे दोन्ही रोजचे आहेत.

हाड कसं टिकतं ते पाहू. कोकणात पावसाच्या आधी घर शाकारतात: फुटकी, सरकलेली कौलं उतरवायची आणि त्या जागी धड कौलं बसवायची. हाडाचं असंच चाललेलं असतं, बारा महिने. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड पोखरून काढतात, ऑस्टिओब्लास्ट त्या खड्ड्यात नवं हाड भरतात. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि उतरवणारे हात जोरात चालायला लागतात. चढवणारेही वाढतात, पण त्यांना गाठता येत नाही. कौलं उतरलेली आणि पाऊस आलेला, अशी ती अवस्था. म्हणून औषधं दोन जातींची असतात: काही उतरवणाऱ्यांना आवरतात, काही चढवणाऱ्यांना जोर देतात. झोलेड्रोनिक ॲसिड पहिल्या जातीचं. शिंपल्याच्या पेप्टाइडबद्दलचा दावा मुख्यतः दुसऱ्या जातीचा आहे.

दाव्यामागचं काम असं आहे. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी निळ्या शिंपल्याचं मांस घेतलं. हा थंड समुद्रातला शिंपला, आपल्या किनाऱ्यावर मिळतो तो त्याचा चुलत भाऊ, हिरवा, ज्याला गोव्यात शिणाणे म्हणतात. मांस वाटून पाण्यात कालवायचं, त्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम घालायचं, उबेला काही तास ठेवायचं. लांब प्रथिनांचे तुकडे पडतात, तेच पेप्टाइड. मग गाळून, वेगळे करून, एकेक गट हाडाच्या मज्जेतल्या मूळ पेशींवर टाकून बघायचा की या पेशी हाड घडवणाऱ्या पेशींकडे वळतात का. २०१८ ते २०२० च्या सुमारास आलेल्या या कामातून आठ-आठ अमिनो ॲसिडांचे दोन तुकडे पुढे आले. अमिनो ॲसिड म्हणजे प्रथिनाच्या माळेतला मणी, आणि प्रत्येक मण्याला एक इंग्रजी अक्षर ठरलेलं आहे. एकाची अक्षरं पी-आय-आय-एस-व्ही-वाय-डब्ल्यू-के, दुसऱ्याची एफ-एस-व्ही-व्ही-पी-एस-पी-के. त्यांनी पेशींमधला डब्ल्यूएनटी नावाचा संकेतमार्ग जागा केला, म्हणजे 'हाड घडव' असा हुकूम पेशीच्या केंद्रापर्यंत नेणारी जी वाट आहे, ती.

असा प्रयोग मी तरुणपणी एका प्रयोगशाळेत जवळून पाहिला आहे, शिंपल्याचा नव्हे, दुसऱ्या एका द्रव्याचा. पेशींना दोन-तीन आठवडे खाऊपिऊ घालायचं आणि शेवटी आलिझरीन रेड नावाचा रंग ओतायचा. कॅल्शियम जिथे बसलंय तिथे तो रंग धरतो. साध्या पेशींची बशी फिकी गुलाबी राहते. द्रव्य घातलेल्या बशीत लाल ठिपके उमटतात, काही ठिकाणी ते जुळून कुंकवाचं बोट टेकवल्यासारखा डाग होतो. ते बघताना अंगावर काटा येतो, कारण हाड जन्माला येताना डोळ्यांनी दिसतं. म्हणून या संशोधकांचा उत्साह मला समजतो. पण त्या बशीत पेप्टाइड पेशीच्या थेट अंगावर ओतलेलं असतं. मध्ये जठर नसतं, आतडं नसतं, यकृत नसतं.

तुमच्या आईच्या बाबतीत सगळा प्रश्न इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. आपलं पोट हे प्रथिनं तोडण्यासाठीच बनलेलं आहे. जठरात पेप्सिन, पुढे आतड्यात ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन. प्रत्येकाची कापायची जागा ठरलेली. ट्रिप्सिन के आणि आर या अक्षरांनंतर कापतं. पहिल्या पेप्टाइडमध्ये के आहे तो शेवटी, त्यामुळे ट्रिप्सिनच्या कात्रीतून ते सुटेल. पण कायमोट्रिप्सिन वाय, डब्ल्यू आणि एफ यांच्यानंतर कापतं, आणि यात वाय-डब्ल्यू शेजारी-शेजारी बसले आहेत. दुसऱ्यात पहिलंच अक्षर एफ आहे. म्हणजे दोन्ही तुकडे आतड्यात अखंड राहतील अशी खात्री त्यांच्या रचनेवरून देता येत नाही. आतड्याच्या भिंतीतला पेप्टाइड आत घेणारा मुख्य दरवाजाही दोन किंवा तीन अमिनो ॲसिडांच्या तुकड्यांसाठी आहे, आठच्या नव्हे. जिलेटिन खाल्ल्यावर त्यातले दोन अक्षरांचे तुकडे माणसाच्या रक्तात सापडतात हे दाखवलं गेलं आहे, त्यामुळे 'पेप्टाइड पोटातून रक्तात जातच नाही' असं मी म्हणणार नाही. लहान जातं, थोडं जातं. पण बशीत ज्याने काम केलं तोच अख्खा रेणू हाडापाशी पोचला पाहिजे, नाहीतर तो प्रयोग लागू होत नाही.

हाडांसाठी सिद्ध झालेली पेप्टाइड औषधं आहेत, आणि ती कशी द्यावी लागतात ते पाहिलं की मुद्दा पटतो. टेरीपॅराटाइड घ्या. हे पॅराथायरॉइड संप्रेरकाचा ३४ अमिनो ॲसिडांचा तुकडा आहे. अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली, आपल्याकडेही मिळतं, आणि कौलं चढवणाऱ्या हातांना खरोखर जोर देतं. रोज २० मायक्रोग्रॅम, पोटावर किंवा मांडीवर टोचून. गोळी नाही, कारण गिळलं तर पचून जाईल. दुसरं कॅल्सिटोनिन, तेही पेप्टाइड, आणि मूळचं समुद्रातलंच म्हणायला हवं: सॅमन माशाचं कॅल्सिटोनिन माणसाच्या कॅल्सिटोनिनपेक्षा कितीतरी जोरकस असतं, म्हणून औषधात तेच वापरलं गेलं. तेही इंजेक्शन किंवा नाकातला फवारा. वर्षानुवर्षं वापरल्यावर कर्करोगाचा धोका किंचित वाढलेला दिसला आणि २०१२ साली युरोपच्या औषध नियामकाने हाडांच्या ठिसूळपणासाठी ते वापरू नये असं सांगितलं. माशातलं, नैसर्गिक, म्हणून ते आपोआप निर्धोक ठरलं नाही. दीर्घकाळ माणसांवर लक्ष ठेवलं तेव्हा हे कळलं.

उंदरांकडे येऊ, कारण बाटलीसोबतच्या कागदावर उंदरांचाच आलेख असेल. मादी उंदराची बीजकोषं काढली की इस्ट्रोजेन जातं आणि हाड झडायला लागतं. मग पेप्टाइड देऊन बघतात. शिंपल्याच्या पेप्टाइडने अशा उंदरांची हाडझड कमी झाल्याचे निष्कर्ष आहेत आणि पहिली पायरी म्हणून ते मोलाचे आहेत. पण उंदराच्या हाडाचा बाहेरचा घट्ट भाग माणसासारखा आतून पोखरून नव्याने भरत नाही, तो दोन पायांवर चालत नाही, आणि प्रयोग आठवड्यांचा असतो. डोसाचंही बघा. उंदराचा प्रति किलो डोस माणसाला लावताना ढोबळमानाने १२ ने भागतात. समजा उंदराला किलोमागे १०० मिलिग्रॅम दिलं, तर ६० किलोच्या बाईला रोज साधारण ५०० मिलिग्रॅम झालं, तेही शुद्ध पेप्टाइडचं. कॅप्सूलमध्ये असतं ते बहुधा अख्ख्या मांसाचं एन्झाइमने तोडलेलं मिश्रण. त्यात शेकडो वेगवेगळे तुकडे, आणि ते दोन नेमके तुकडे किती हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

आणि उद्या समजा हाडाची घनता वाढल्याचं दिसलं, तरी मी एक गोष्ट विचारीन: फ्रॅक्चर कमी झाली का? हे विचारायला आम्हाला फ्लोराइडने शिकवलं. फ्लोराइडने हाड दाट होतं म्हणून एके काळी ते ठिसूळ हाडांवर देऊन पाहिलं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चार वर्षांच्या चाचणीत मणक्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. आकडा बघून कुणीही आनंदाने उडी मारेल. पण मणक्याची फ्रॅक्चर ठळकपणे कमी झाली नाहीत आणि इतर हाडांची उलट वाढली. हाड दाट झालं, चिवट झालं नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या फ्लोराइडयुक्त पाण्याच्या गावांतले वाकलेले मणके ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता मला मनापासून आवडणारा भाग. शिंपला आणि हाड यांचं नातं मांसापेक्षा कवचात जास्त पक्कं दिसलं आहे. १९३१ साली होंडुरास देशात एका जुन्या माया वसाहतीत खालच्या जबड्याचा तुकडा सापडला, अंदाजे इसवी सन ६०० चा. त्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे कोरलेले तुकडे बसवलेले होते. बरीच वर्षं लोकांना वाटलं, मेल्यानंतर शोभेसाठी बसवले असतील. १९७० मध्ये ब्राझीलचे दंतविशारद अमादेओ बोबियो यांनी त्याचे एक्स-रे काढले, तर त्या तुकड्यांभोवती दाट हाड धरलेलं दिसलं. म्हणजे माणूस जिवंत असताना ते बसवले होते आणि हाडाने त्यांना आपलं मानलं होतं. पुढे १९९२ च्या सुमारास पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या एव्हलिन लोपेझ यांच्या गटाने मोत्याच्या शिंपल्याच्या आतला चकचकीत थर माणसाच्या हाडपेशींशेजारी ठेवला, आणि पेशींनी त्याच्याभोवती खनिज बसवायला सुरुवात केली. त्या थरात कॅल्शियम कार्बोनेटच्या चकत्यांच्या मध्ये थोडं प्रथिन असतं, आणि पाण्यात विरघळणारा त्याचा अंश पेशींना हाक देतो असं पुढच्या कामातून दिसलं. जबड्यातल्या झिजलेल्या जागा या थराच्या भुकटीने भरून बघण्यापर्यंत हे काम माणसात गेलं आहे.

इथे पोटाचा अडथळा नाही, कारण पदार्थ सरळ हाडाच्या खड्ड्यात ठेवलेला आहे. म्हणून माझा अंदाज असा की शिंपल्यातली ही द्रव्यं पुढेमागे औषधात आलीच, तर ती आधी शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतील: हाडाची पोकळी भरायच्या भुकटीत, किंवा हाडात बसवायच्या इम्प्लांटवरच्या लेपात. खडकाला घट्ट धरून बसायला शिंपला जे चिकट प्रथिन सोडतो, त्यावरही याच दिशेने काम चाललं आहे. सकाळच्या दुधाबरोबर घ्यायची कॅप्सूल ही वेगळी गोष्ट आहे.

कवचाचा विषय निघाला म्हणून एक घोळ मोकळा करतो. आपल्याकडच्या कॅल्शियमच्या कित्येक गोळ्यांवर 'शिंपल्यापासून' असं लिहिलेलं असतं. ते कवचाचं कॅल्शियम कार्बोनेट, १२५० मिलिग्रॅममधून ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. चांगलं आहे, पण ते पेप्टाइड नव्हे. आयुर्वेदातल्या मुक्ताशुक्ती (मोत्याच्या शिंपल्याच्या) भस्माचंही तेच: पुटाच्या आगीत प्रथिन शिल्लक राहत नाही, उरतं ते कॅल्शियम. दुसरा घोळ सांध्यांचा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हिरव्या शिंपल्याचा अर्क काढला आहे, न्यूझीलंडच्या शिंपल्याचं तेलही मिळतं, पण ते सांधेदुखीसाठी आहे. ठिसूळ झालेलं हाड मोडेपर्यंत दुखत नाही. त्यामुळे 'घेतल्यापासून गुडघ्याला बरं वाटतंय' हा आईच्या मणक्याबद्दलचा पुरावा धरू नका.

ॲलर्जीबद्दलची तुमची धास्ती रास्त आहे. कोलंबीने पित्त उठतं त्याला बहुतेक वेळा ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूंमधलं प्रथिन कारण असतं. ते शिजवूनही टिकतं, आणि तिसऱ्या-कालवांतही त्याचाच भाऊ असतो. सगळ्यांनाच दोन्ही बाधतं असं नाही, पण कॅप्सूलच्या मिश्रणात किती तोडलं गेलंय हे ठाऊक नसताना घरी प्रयोग नको. शिवाय शिंपला पाणी गाळून जगतो, म्हणून पाण्यातलं कॅडमियम, शिसं त्याच्या मांसात साठतं, आणि अर्क काढताना मांसाबरोबर तेही येऊ शकतं. बॅच तपासल्याचा कागद मागा. आपल्याकडे अशा पूरक आहारांना अन्न म्हणून परवाना मिळतो, लेबलवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. तुमच्या बाटलीवर ते आहे का बघा.

माझ्याकडे सत्तरीची एक बाई आली होती. मनगट मोडलेलं, तुमच्या आईसारखंच. मी हाडांची, आठवड्याला एक घ्यायची गोळी चालू केली होती. कुणीतरी घरी येऊन 'समुद्रातली नैसर्गिक पावडर' विकली आणि गोळी बंद करायला सांगितली. दीड वर्षाने ती स्ट्रेचरवर आली, डावा पाय आखूड झालेला आणि बाहेर वळलेला. एक्स-रे काढायच्या आधीच कळलं की खुबा मोडलाय. उशाशी पिशवीत पावडरचा डबा होता, अर्धा संपलेला. गोळी चालू असती तर खुबा मोडलाच नसता असं छातीठोकपणे नाही म्हणता येत, पण ते दीड वर्ष तिचं कुणीतरी काढून घेतलं याचा राग अजून जात नाही.

म्हणून तुमच्या आईचा हिशेब स्पष्ट मांडतो. टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली आणि त्यात एक फ्रॅक्चर झालेलं, म्हणजे धोका मोठा. झोलेड्रोनिक ॲसिडची मोठी चाचणी २००७ साली आली: ७,७०० हून जास्त स्त्रिया, तीन वर्षं. मणक्याची फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी कमी, खुब्याची ४१ टक्क्यांनी. शिंपल्याच्या पेप्टाइडपाशी असा एकही आकडा नाही. त्यातल्या त्यात माणसांवरची जवळची चाचणी कोलॅजेन पेप्टाइडची, २०१८ सालची, रोज ५ ग्रॅम, वर्षभर, शंभरेक स्त्रिया. घनता थोडी वाढली, पण फ्रॅक्चर मोजण्याइतकी ती मोठी नव्हती, आणि ते शिंपल्याचं नव्हतंच.

इंजेक्शनच्या आधी रक्तातलं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. ड कमी असेल तर आधी ते भरून काढायचं, क्रिएटिनिनवरून काढलेली मूत्रपिंडाची गाळायची क्षमता मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर हे औषध द्यायचं नाही. दात काढायचा बाकी असेल तर तो आधी. आईची उंची मोजा. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर कमी झाली असेल तर मणक्याचा बाजूने एक्स-रे सांगा, कारण मणका कळू न देता दबतो. दबलेला निघाला तर आधी टेरीपॅराटाइड द्यावं का हे डॉक्टरांशी बोलायला हवं. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस कणकण, अंगदुखी होते. आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर 'बाधलं' म्हणून ती पुढच्या वर्षी नाही म्हणेल. भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल पुरतं.

राहिल्या तिसऱ्या. विळीवर उघडताना एक शिंपली टाकून मांसाची ठेवतो, त्या मांसात प्रथिन, लोह, जस्त आणि बी-१२ छान असतं. पण कॅल्शियम सगळं कवचात, आणि ते ताटात बाजूला राहतं. म्हणून ज्यांना चालतात त्यांनी चवीने खाव्यात, हाडांचं औषध म्हणून नव्हे. तुमच्या आईने ॲलर्जीची तपासणी होईपर्यंत त्याही टाळाव्यात. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असतं, दोन कप दुधा-दह्यात आणखी ४५०-५००, तीळ आणि काट्यांसकट खायची बारीक मासळी घातली की गोळी एखादीच लागते. सुका जवळा मात्र नको, तो कोलंबीच्याच कुळातला.

बाटलीच्या मागच्या लेबलचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, आणि इंजेक्शनची तारीख याच आठवड्यात घ्या. अंगणात जिथे आई घसरली तिथे पावसाच्या आधी शेवाळ खरवडून घ्या, आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसवा.